आमची कोठेही शाखा नाही!

पुण्याच्या पेठांमधून हिंडताना ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही पाटी तुम्ही कधी ना कधी वाचली असेल. बाहेरगावचे पाहुणे ती वाचून हसतात. शाखा नाही तर नाही, ते एवढं रंगवून कशाला सांगायचं? पण दुकानदाराच्या दृष्टीने ती बढाई असते बरं का! तो सांगत असतो, ‘माझ्या डोळ्यांसमोर जे तयार होतं तेवढंच मी विकतो. याच नावाचं दुसरं दुकान कुठे दिसलं, तर ते माझं नाही.’

आता त्याच पुण्यात सिंहगड रस्त्याला लागा. वडगाव, धायरी फाटा, नांदेड फाटा. इथल्या पाट्या बरोबर उलट बोलतात. पिझ्झा, बर्गर, कॉफी, वडापाव, अमृततुल्य चहा, सगळ्यांचं म्हणणं एकच : ‘आमच्या शाखा सगळीकडे!’ कोथरूडला जी पाटी, तीच हडपसरला आणि तीच इथे. रंग तोच, अक्षर तेच, आतल्या खुर्च्याही त्याच. आणि गंमत म्हणजे चवसुद्धा तीच.

हाच रस्ता पुढे खडकवासला, डोणजे, खानापूर करत पानशेतला जातो. पुण्यापासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. पावसाळ्यातल्या रविवारी तुमच्यापैकी कितीतरी जण आई-बाबांबरोबर या रस्त्यावर गाड्यांच्या रांगेत अडकून बसले असतील. पुढच्या वेळी अडकलात की खिडकीतून पाट्या वाचत राहा. खडकवासल्याच्या आसपास या साखळी हॉटेलांच्या पाट्या विरळ होत जातात आणि ‘घरगुती जेवण मिळेल’ सुरू होतं. शहर एवढं धावत पुढे येतंय, मग ही हॉटेलं तिथेच का दमतात? आज आपण हेच कोडं सोडवू या.

तीच चव येते कुठून?

आधी साखळी म्हणजे काय ते पाहू. नुसत्या दोन-तीन शाखा म्हणजे साखळी नव्हे. पुण्याच्या फर्ग्युसन रस्त्यावरचं ‘वैशाली’ आणि ‘रूपाली’ तुमच्या आजोबांनाही ठाऊक असतील. कर्नाटकाच्या किनारपट्टीवरून आलेल्या जगन्नाथ शेट्टी यांनी ती नावारूपाला आणली. हॉटेलं दोन, नावं दोन, पण एकमेकांपासून इतकी जवळ, की मालक चालत जाऊन दोन्हीकडचं सांबार चाखू शकेल! म्हणजे चव सांभाळणारी जीभ एकच.

पण हॉटेलं दहा झाली तर? शंभर झाली तर? मालकाला जीभ तर एकच असते. मग जिभेचं काम कोणाला द्यायचं? साखळीवाल्यांनी ते तीन गोष्टींना वाटून दिलं : कागदाला, यंत्राला आणि थंडीला. थंडीला म्हणजे काय, ते येईलच पुढे.

कागदाची गोष्ट अमेरिकेतली. कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनो इथे १९४० साली मॅकडोनाल्ड आडनावाच्या दोन भावांनी हॉटेल काढलं. पुढे १९४८ मध्ये त्यांनी पदार्थांची लांबलचक यादी कापून अगदी मोजके पदार्थ ठेवले आणि स्वयंपाकघर एखाद्या कारखान्यासारखं लावलं. एकाने फक्त भाजायचं, एकाने फक्त तळायचं, एकाने फक्त कागदात गुंडाळायचं. रे क्रॉक नावाचा एक विक्रेता मिल्कशेक घुसळायची यंत्रं विकत तिथे पोचला आणि हे काम बघून थक्क झाला. त्याने १९५५ मध्ये इलिनॉय राज्यात आपलं पहिलं मॅकडोनाल्ड उघडलं. सगळं लिहून ठेवायचं, हा त्याचा मंत्र. तेल किती तापवायचं, बटाटा किती जाड चिरायचा, फरशी कधी पुसायची, सगळं! आपल्याकडे आजी सांगते, ‘मीठ अंदाजाने घाल.’ साखळीच्या स्वयंपाकघरात ‘अंदाजाने’ हा शब्दच नाही.

हीच मंडळी १९९६ च्या ऑक्टोबरात भारतात आली. दिल्लीत वसंत विहारला आणि मुंबईत वांद्र्याला पहिली दुकानं निघाली. इथल्या लोकांच्या भावना ओळखून गाईचं आणि डुकराचं मांस अजिबात ठेवलं नाही, उलट बटाट्याच्या टिक्कीचं बर्गर काढलं. वर्तमानपत्रांत मोठाले फोटो झळकले. पण खरी गंमत फोटोत नव्हतीच. दुकान उघडण्याआधी काही वर्षं ही कंपनी आपल्याकडे भाजीवाले आणि दूधवाले शोधत फिरत होती! बर्गरमध्ये घालायचा लेट्यूस हा कोबीसारखा दिसणारा कुरकुरीत पाला कोणी पिकवला? आपल्या पुणे जिल्ह्यातल्या तळेगावच्या शेतात. चीजच्या पातळ चकत्या कुठल्या? बारामतीच्या डेअरीतल्या! भाज्यांच्या टिक्क्या नवी मुंबईजवळ तळोज्याला एका कारखान्यात बनत.

आता आली थंडी. तळेगावचा पाला शेतातून काढला की लगेच थंड खोलीत, तिथून थंड गाडीत, तिथून दुकानाच्या थंड कपाटात. टिक्क्या तर गोठवूनच पाठवायच्या. वाटेत कुठेही ऊन लागू द्यायचं नाही. म्हणजे दुकानात स्वयंपाक असा फारसा होतच नाही. तिथे फक्त शेवटची तळणी-भाजणी आणि जुळवाजुळव. दुकानातला मुलगा काल नोकरीला लागलेला असला तरी चालतो.

‘हे सगळं परदेशी थेर!’ असं तुमचे आजोबा म्हणतील. तर त्यांना हे सांगा. ‘गोली वडापाव’ ही साखळी २००४ साली कल्याणला सुरू झाली. सुरुवातीला वडे हाताने होत; पुढे त्यांनी ते यंत्राने करून गोठवून आणायला सुरुवात केली, आणि तेही तळोज्याच्या त्याच कारखान्यातून, जिथे बर्गरच्या टिक्क्या होत होत्या. आपला अस्सल मराठी वडा आणि अमेरिकन टिक्की एका छपराखाली. आता बोला!

पुणेकरांनाही यंत्राचं वावडं नाही. चितळ्यांची बाकरवडी यंत्रावर होते हे सगळ्यांना माहीत आहे. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवणारे म्हणून चितळे केवढे प्रसिद्ध! त्यांनीही २०१७ मध्ये दुपारची विश्रांती सोडली. मला विचाराल तर त्या दिवशी पुण्यातला एक छान विनोद कायमचा निकाली निघाला. पण धंदा शहरभर पसरवायचा म्हणजे दुपारी झोपून कसं चालेल?

नाव भाड्याने देणे आहे

इतकी दुकानं काढायला पैसा कुठून येतो? बहुतेक वेळा कंपनी स्वतः दुकान काढतच नाही. ती नाव भाड्याने देते. याला फ्रँचायझी म्हणतात. समजा, तुमच्या काकांचा धायरीला एक गाळा आहे. ते एखाद्या चहाच्या किंवा वडापावच्या साखळीकडे जातात, ठरलेली रक्कम भरतात. कंपनी त्यांना पाटी, कपबश्या, कागदावरचे नियम आणि मसाला देते. काका दुकान चालवतात आणि करारात ठरलं असेल तसा वाटा कंपनीला देतात. गिऱ्हाईक आलं नाही तर तोटा काकांचा, नाव मात्र कंपनीचं. पुण्यात चहाच्या पाट्या अशा भराभर का उगवल्या, ते आता कळलं ना?

यात सगळ्यांत महाग वस्तू कोणती? वडा नाही, चहा नाही. नाव! आणि नावासाठी भांडणं होतात. पुण्यात कॅम्पात ‘बर्गर किंग’ नावाचं एक हॉटेल १९९२ पासून चालत होतं. याच नावाची अमेरिकन कंपनी केवढी तरी जुनी, पण तिचं भारतातलं पहिलं दुकान निघालं २०१४ मध्ये. मधल्या काळातच, २०११ साली, तिने पुण्याच्या हॉटेलवर दावा लावला होता : आमचं नाव वापरू नका. तेरा वर्षांनी, जुलै २०२४ मध्ये, पुण्याच्या न्यायालयाने दावा फेटाळला, कारण पुण्याचं हॉटेल इथे आधीपासून होतं. कंपनी उच्च न्यायालयात गेली, तिथे त्याच वर्षी पुण्याच्या हॉटेलला ते नाव वापरायला तात्पुरती मनाई झाली. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईलाच स्थगिती दिली. एका पाटीसाठी केवढी ही पायपीट! ‘आमची कोठेही शाखा नाही’ म्हणणाऱ्याला शाखावाला येऊन भिडला, की असं होतं.

पानशेतने पुणं पसरवलं

आता शहराकडे वळू या, कारण साखळी हॉटेलं शहराच्या मागोमाग चालतात. पुणे महानगरपालिका १९५० मध्ये झाली तेव्हा शहरात पाच लाखसुद्धा माणसं नव्हती. १९९१ च्या जनगणनेत साडेपंधरा लाखांवर, २०११ मध्ये एकतीस लाखांवर! वीस वर्षांत दुप्पट.

आणि या पसरण्यात पानशेतचा मोठा वाटा आहे. आंबी नदीवर पानशेतला मातीचं धरण बांधत होते. काम पुरतं झालेलं नसताना १२ जुलै १९६१ रोजी सकाळी ते फुटलं. पाण्याचा लोंढा खाली खडकवासल्याच्या धरणावर आला. ते १८७९ च्या सुमाराचं, दगडी, पण तेही टिकलं नाही. पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. तुमच्या घरात कोणी सत्तरी ओलांडलेलं पुणेकर माणूस असेल, तर त्यांना ‘पानशेत’ एवढाच शब्द उच्चारून बघा आणि मग ऐकत बसा. घरं गेलेल्या माणसांसाठी सहकारनगर, गोखलेनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. पेठांत दाटीवाटीने राहणारं पुणं बाहेर सरकलं ते असं.

मग पानशेतचं धरण पुन्हा बांधलं गेलं. त्याच्या जलाशयाला तानाजीसागर म्हणतात. शेजारी मोसे नदीवर वरसगाव, मुठेवर टेमघर आणि खाली खडकवासला. चारही धरणांत मिळून एकोणतीस टीएमसीच्या वर पाणी मावतं, म्हणजे एकोणतीस अब्ज घनफूट! त्यात एकट्या पानशेतचं साडेदहाच्या वर. पुण्याची वर्तमानपत्रं पावसाळ्यात रोज एक शब्द छापतात, तो म्हणजे ‘खडकवासला धरणसाखळी’. बघा, इथेही साखळीच! या साखळीच्या जोरावर पुण्याचे नळ वाहतात. नळ आले म्हणून इमारती आल्या, इमारती आल्या म्हणून माणसं आली. २०१७ मध्ये अकरा गावं आणि जून २०२१ मध्ये आणखी तेवीस गावं पुणे महानगरपालिकेत आली. त्या तेवीसमध्ये नांदेड, किरकटवाडी, नांदोशी आणि खडकवासला ही आपल्या रस्त्यावरची किंवा रस्त्यालगतची गावंही आहेत. ज्या पाण्यामुळे शहर वाढलं, त्या पाण्याच्या दिशेनेच ते सरकत निघालंय.

पाटी कुठे थांबते?

साखळी हॉटेलवाला नवी जागा बघायला येतो तेव्हा तो निसर्ग बघत नाही. तो डोकी मोजतो. सोसायट्या किती? शाळा-कॉलेजं किती? आई-बाबा दोघंही कामावरून दमून येणारी घरं किती? कारण अशाच घरातून रात्री ‘आज बाहेरूनच मागवू या’ असा आवाज येतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, गिऱ्हाईक रोज येणार का? थंड कपाट सोमवारीही चालू ठेवावं लागतं, मुलांचा पगार मंगळवारीही द्यावा लागतो.

आता पानशेत बघा. वेल्हे तालुका, ज्याला आता राजगड हे नाव मिळालंय. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या तालुक्याची वस्ती पंचावन्न हजारांच्या आत! पावसाळ्यातल्या रविवारी रस्त्यावर गाड्यांचा पूर येतो, पण बुधवारी दुपारी त्याच रस्त्यावर एखादी एसटी आणि दोन-चार म्हशी. अशा ठिकाणी गोठवलेल्या टिक्क्या कोण खाणार आणि विजेचं बिल कोण भरणार? म्हणून पाटी थांबते. लोक म्हणतात, खेड्यात लोकांना पिझ्झा आवडत नाही म्हणून दुकान नाही. आवडीचा प्रश्नच नाही. पानशेतच्या मुलांना पिझ्झा चांगला ठाऊक आहे, तुमच्याइतकाच आवडतोही. प्रश्न आहे तो बुधवारचा.

आणि बुधवारचा हा प्रश्न घरगुती जेवणवाल्या मावशींनी कसा सोडवलाय ते बघण्यासारखं आहे. बुधवारी त्यांचं हॉटेल नसतंच, ते घर असतं! भात लावणीचे दिवस असले तर मावशी शेतात असतात. रविवारी तीच ओसरी हॉटेल होते. वेगळं भाडं नाही, थंड कपाट नाही, पगारी माणूस नाही. पीठ मळणारी सून, पाणी देणारा नातू. गिऱ्हाईक आलं नाही तर तोटा फारसा नाही, पीठ डब्यातच राहतं. तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, आधी सांगितलं असेल तर गावठी कोंबडीचा रस्सा. चव? ती दर घरी वेगळी, आणि त्याच घरी दर रविवारीसुद्धा थोडी वेगळी. कागदावर काही लिहिलेलंच नाही ना!

पण खरं सांगायचं, तर या पद्धतीत अडचणीही आहेत. मावशी आजारी पडल्या की हॉटेल बंद. पाणी स्वच्छ आहे का, तेल किती वेळा तापवलं, हे गिऱ्हाइकाला बघता येत नाही. साखळीत निदान त्याचे नियम तरी असतात. आणि मावशींच्या नातवाला ठरावीक पगार, पगारी सुट्टी, गणवेश यांचं आकर्षण वाटलं आणि तो धायरीच्या एखाद्या पिझ्झावाल्याकडे नोकरीला लागला, तर त्याला नावं ठेवायचं आपल्याला काय कारण? फक्त एक होतं. तो गेला की रविवारी पाणी द्यायला कोणी नसतं.

पण साखळी पोचलीच!

आता तुम्ही म्हणाल, चला, पानशेतला साखळी नाही. थांबा! खडकवासल्याच्या चौपाटीवर किंवा सिंहगडाच्या पायथ्याला टपरीवरची हाताने रंगवलेली यादी नीट वाचा. कांदाभजी, मक्याचं कणीस, चहा, आणि... मॅगी!

झालं ना? जी साखळी दुकान घेऊन येऊ शकली नाही, ती पुड्यात बसून आली. मॅगी भारतात आली १९८३ साली. तिला थंड गाडी लागत नाही, गोठवायला लागत नाही, महिनोन्‌महिने टिकते. उकळतं पाणी तेवढं पाहिजे. मसाल्याची पुडी आतच, म्हणजे ‘अंदाजाने’ची भानगड नाही. टपरीवर दुकानदार आपलाच, छप्पर आपलंच, चव मात्र कारखान्याची. पानशेतला खा नाहीतर मनालीला, तीच!

भजी तळायला कांदा चिरावा लागतो, पीठ भिजवावं लागतं, राहिली तर फुकट जातात. मॅगीचा पुडा फोडला नाही तर उद्याही चालतो. टपरीवाल्याला ती परवडते, मुलं हट्ट करून मागतात, मग तो का नाही ठेवणार? पण भज्यांचा कांदा आणि कणसं जवळपासच्या शेतातून येऊ शकतात, मॅगीचे पैसे मात्र बरेचसे कंपनीकडे जातात. तळेगावच्या पाल्याचं उदाहरण इथे आठवा. तिथे साखळीने निदान शेतकऱ्याचा माल तरी घेतला.

आणि सगळीकडे तेच असण्यात एक धोका असतो. जून २०१५ मध्ये अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेने मॅगीत शिसं प्रमाणाबाहेर असल्याचं सांगून विक्री थांबवायला लावली. एका आदेशाने देशभरातले पुडे दुकानांतून उचलले गेले. टपऱ्यांच्या याद्यांवर खाडाखोड झाली. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द करून पुन्हा तपासणी करायला सांगितलं, तपासणीत मॅगी पास झाली आणि नोव्हेंबरात परत आली. पण पाच महिने ज्यांच्या यादीत भजी शिल्लक होती, त्यांचाच धंदा चालला. १९६१ मध्ये पानशेतखाली खडकवासला गेलं, तेही एकाला एक जोडलेलं होतं म्हणूनच.

आता शहर आणखी पुढे सरकेल. खानापूरच्या पुढे सोसायट्या झाल्या, तिथे बुधवारीही माणसं राहू लागली, तर पाटीही पुढे येईल. तेव्हा ओसरीवरच्या जेवणाचं काय होईल? काही घरं बंद करतील. काही जमिनी विकतील. काही मात्र वही काढून पिठल्याचं प्रमाण लिहायला बसतील, कोण जाणे, त्यांचीच एखादी साखळी निघेल! कोल्हापूरचा तांबडा-पांढरा रस्सा पुण्यात पाट्या लावून बसलाच आहे की.

तोवर रविवारी पानशेतला जायचं असेल तर आदल्या दिवशी फोन करायला विसरू नका. फोनवर ‘तुमचा क्रमांक महत्त्वाचा आहे’ असं इंग्रजीतून कोणी सांगणार नाही. मागे कुठेतरी कोंबडा ओरडत असेल, आणि मावशी थेट विचारतील, ‘किती जण येताय? आणि लहान पोरं किती? त्यांना तिखट कमी घालते.’